कॅलिफोर्नियाचा लोड घ्यावा का? ताशी ५५ मैल, ट्रेलरचा स्कर्ट आणि रीफरवरची पाटी

प्रश्न थोडक्यात असा आहे. टेक्सासात डॅलसजवळ राहणाऱ्या एका गृहस्थांनी साडूबरोबर भागीदारीत एक ट्रॅक्टर (म्हणजे ट्रकचा पुढचा, ओढणारा भाग) आणि एक वापरलेला ५३ फुटी रीफर, म्हणजे थंड माल नेणारा ट्रेलर घेतला आहे. साडू चालवतात, हे घरी बसून माल मिळवून देणारे ब्रोकर आणि कागदपत्रं सांभाळतात. कॅलिफोर्नियाच्या लोडला दर बरा मिळतो, पण ट्रकस्टॉपवर जो भेटेल तो सांगतो, "तिकडे ट्रकला ५५ ची मर्यादा, वर ट्रेलरलाही धुराचे नियम. नादी लागू नका." बाकीचे ट्रकवाले हे निभावतात कसे, की सरळ मोडतात, हे त्यांना जाणून घ्यायचं आहे.

दोन्ही करतात. खरं उत्तर तेच आहे.

मी कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोत एका मध्यम आकाराच्या रीफर कंपनीत आहे. पहिली ७ वर्षं डिस्पॅच केलं, म्हणजे गाड्यांच्या फेऱ्या आखल्या, पुढची १२ वर्षं सेफ्टी आणि कम्प्लायन्स बघते आहे. आमचे बहुतेक ड्रायव्हर पंजाबी. सांगलीची बाई आपल्याला लॉगवरून झापते याची त्यांना अजून गंमत वाटते. मी स्वतः ट्रक चालवत नाही, त्यामुळे कुठल्या उतारावर कुठला गिअर हे मला विचारू नका. पण तिकीट कुणाला, कुठे आणि का मिळालं, कुठला ट्रेलर गोदामाच्या दारातून परत आला, हे सगळं शेवटी माझ्याच टेबलावर येऊन पडतं.

आधी वेगाचं बघू. कॅलिफोर्नियात तीन किंवा त्याहून जास्त एक्सलच्या ट्रकला, आणि मागे काहीही ओढणाऱ्या कुठल्याही ट्रकला, कमाल ताशी ५५ मैल. किलोमीटरमध्ये साधारण ८९. रस्ता कितीही सरळ आणि रिकामा असो. सॅन वाकीन खोऱ्याच्या पश्चिम कडेने जाणाऱ्या आय-५ वर मोटारींना ७० ची मुभा आहे आणि त्याच पट्ट्यात तुमचा ट्रक ५५ वर. लेनचंही बंधन आहे. एका दिशेला चार किंवा जास्त लेन असतील तर उजवीकडच्या दोनच तुमच्या. त्याहून कमी असतील तर उजवी, आणि डावीकडे फक्त पुढच्याला ओलांडण्यापुरतं जायचं. आय-५ वर ५५ वाल्याला ५७ वाला ओलांडू लागला की मैलभर दोन बैलगाड्या जोडीनं चालल्यासारख्या दिसतात आणि मागे मोटारींची माळ हॉर्न वाजवत उभी राहते. ते दृश्य रोजचंच.

तुमच्या टेक्सासात याच्या अगदी उलट. तिथे २०११ पासून ट्रकला वेगळी मर्यादाच नाही. आंतरराज्य महामार्गांवर ७५ सर्रास, पश्चिमेकडे आय-१० आणि आय-२० च्या काही पट्ट्यांत ८०. ॲरिझोनात ७५. वॉशिंग्टन राज्यात ट्रकला ६०, इंडियानात ६५. देश एक, पाट्या वेगवेगळ्या. कधीकाळी सगळीकडे सारखंच होतं. १९७३ च्या तेलसंकटानंतर जानेवारी १९७४ मध्ये निक्सन यांनी देशभर ५५ ची मर्यादा लावली. त्याच्या महिनाभर आधी, डिझेलचे भाव आणि वेग कमी करण्याची भाषा यांवर चिडून ट्रकवाल्यांनी महामार्ग अडवले होते. ट्रकमधल्या जवळच्या पल्ल्याच्या सीबी रेडिओवरून एकमेकांना हाका घालत. १९८७ मध्ये ग्रामीण महामार्गांना ६५ ची सूट मिळाली, १९९५ मध्ये केंद्राची मर्यादाच गेली आणि राज्यांना रान मोकळं झालं. बहुतेकांनी वेग वाढवला. कॅलिफोर्नियानं मोटारींचा वाढवला, ट्रकचा नाही.

आपल्याकडे वाढलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही मोटारींना १०० आणि जड वाहनांना ८० आहेच. नवल आहे ते फरकाच्या आकड्याचं, आणि त्यात एक मेख दडलेली आहे. ती तुमच्या साडूंना नीट समजावून सांगा.

केंद्राच्या नियमात, व्यावसायिक परवाना असलेल्या ड्रायव्हरनं मर्यादेपेक्षा ताशी १५ मैल किंवा जास्त वेगानं जाणं हा 'गंभीर गुन्हा' धरला जातो. ३ वर्षांत असे दोन झाले तर परवाना ६० दिवस बंद, तीन झाले तर १२० दिवस. आता गणित करा. ५५ अधिक १५ म्हणजे ७०. टेक्सासात ७० वर चालणारा ड्रायव्हर मागच्यांच्या शिव्या खातो, कारण तो हळू असतो. तोच माणूस, तोच ट्रक, तोच क्रूझ कंट्रोल ७० वर ठेवून कोलोरॅडो नदीचा पूल ओलांडून ब्लाइथमध्ये शिरला की त्या क्षणी गंभीर गुन्हेगार. बाजूची मोटार ७० वर असते आणि ती कायद्यात असते, म्हणून पटत नाही, एवढंच. बाहेरच्या राज्यातल्या नवख्या ड्रायव्हरला आमच्याकडे सर्वांत महाग पडलेली चूक हीच. ६२ वर सापडला असता तर दंड भरून मोकळा झाला असता.

बरं, हा गुन्हा पचवताही येत नाही. व्यावसायिक परवानावाल्याची चूक नोंदीतून झाकायला राज्यांना केंद्राची मनाई आहे. दोषी ठरल्यावर ३० दिवसांत मालकाला कळवावं लागतं. तुमच्या बाबतीत मालक म्हणजे तुम्ही, पण पुढे विमा कंपनीही बघतेच. शिवाय रस्त्यावरच्या तपासणीत लिहिलेलं उल्लंघन कंपनीच्या सुरक्षा-नोंदीत २ वर्षं राहतं. आमच्यासारख्या ८० ट्रकच्या कंपनीत एक तिकीट विरघळून जातं. एका ट्रकच्या कंपनीत ते एकच तिकीट म्हणजे तुमची सगळी नोंद.

मग कॅलिफोर्नियात ट्रक खरोखर ५५ वर चालतात का? आय-५ वर अर्धा तास उभे राहा, दिसेल. बहुतेक ६० ते ६५ मध्ये. मोठ्या कंपन्यांचे ट्रक मुळातच गव्हर्नरनं, म्हणजे इंजिनातल्या वेग-मर्यादकानं, ६२ ते ६८ च्या आसपास बांधलेले असतात, त्यामुळे त्यांना फार माजता येत नाही. स्वतःच्या मालकीचे ट्रक मोकळे. हायवे पोलिसांचं लक्ष साहजिकच सगळ्यांत जोरात जाणाऱ्यावर आधी जातं; पण ५८ वर तिकीट मिळत नाही असा कुठे कायदा नाही, आणि काही पट्ट्यांवर तर विमानातून वेळ मोजतात. रस्त्यावर आडव्या पांढऱ्या खुणा दिसल्या तर त्या त्यासाठीच असतात. आमच्या कंपनीत नियम साधा आहे: राज्याची हद्द ओलांडली की क्रूझ ५५ वर. उतारावर ट्रक दोन-तीन मैल पुढे सरकतो, ते मी मोजत नाही. ड्रायव्हर कुरकुरतात. कुरकुरू देत.

केंद्रानं सगळ्या जड ट्रकना वेग-मर्यादक सक्तीचा करावा असा प्रस्ताव २०१६ मध्ये आला होता. ६०, ६५ की ६८ यावर वर्षानुवर्षं काथ्याकूट झाला आणि २०२५ मध्ये तो गुंडाळला. कॅनडात ऑन्टारियो आणि क्युबेकनं २००९ पासूनच ताशी १०५ किलोमीटरचा मर्यादक लावला आहे. तिकडचा लोड कधी घेतलात तर तेही लागू होतं.

आता मला खरं सांगायचं आहे ते. वेग रस्त्यावर बिघडत नाही, तो डॉकवर, म्हणजे माल भरायच्या धक्क्यावर बिघडतो. लोड घेताना तुम्ही फोनवर "हो" म्हणता तिथेच बरंचसं ठरून जातं.

आकडे घ्या. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळच्या सलिनासमध्ये लेट्यूस भरून तुमचा ट्रक बेकर्सफील्ड, तेहाचापी, बार्स्टो करत नीडल्सला राज्याबाहेर पडतो असं धरा. सुमारे ५०० मैल. ६५ नं गेलात तर ७ तास ४० मिनिटं, ५५ नं गेलात तर ९ तास ५ मिनिटं. घाट, गर्दी, डिझेल हे दोन्हीकडे सारखंच मिळवा. म्हणजे ५५ पाळण्याची पूर्ण किंमत सुमारे ८५ मिनिटं. ती छोटी नाही, कबूल. पण सलिनासच्या शीतगोदामांत हंगामात भरायला किती वेळ लागतो? २ तासांत सुटलात तर नशीब. ४-५ तास मी कितीदा पाहिले आहेत. एकच गाडी दोन-तीन ठिकाणाहून माल उचलणार असेल तर दिवस गेलाच. आणि घड्याळ? १० तासांच्या विश्रांतीनंतर कामाला लागलं की १४ तासांची खिडकी सुरू होते, त्यात चालवायचे जास्तीत जास्त ११. डॉकवर उभं राहिल्यानं ११ संपत नाहीत, पण १४ संपत जातात. २०१७ च्या डिसेंबरपासून इलेक्ट्रॉनिक लॉग सक्तीचा झाल्यावर कागदावर तास इकडचे तिकडे करायची जुनी सोयही गेली. मग ड्रायव्हर उरलेल्या तासांत गमावलेलं अंतर भरून काढू बघतो. त्याला मैलावर पैसे मिळतात, ताटकळण्याचे मिळाले तर मिळाले. ओव्हरटाइमच्या केंद्रीय कायद्यातून ट्रक ड्रायव्हर १९३८ पासून वगळलेले आहेत, ही गोष्ट इथे जन्मलेल्यांनाही माहीत नसते.

म्हणून सेफ्टीवाली असूनही मी ड्रायव्हरला वेगावरून बोलायच्या आधी डिस्पॅचरला बोलावते. केंद्राच्या नियमांत एक छोटं कलम आहे, ३९२.६. वेगमर्यादा मोडल्याशिवाय वेळेत पोचताच येणार नाही अशी फेरी कंपनीनं आखायची नाही, असं ते म्हणतं. ट्रकस्टॉपवर ते कुणाला ठाऊक नसतं. ते तुम्हाला लागू आहे, कारण फेरी आखता तुम्ही. ब्रोकर म्हणाला, "डॅलसला परवा सकाळी ६," तर नकाशावरचा वेळ धरू नका, तो मोटारीचा असतो. कॅलिफोर्नियातल्या मैलांना ५० नं भागा, बाहेरच्या मैलांना ६० नं, भरायला ४ तास धरा, विश्रांतीचे १० आणि ८ तास चालवल्यानंतरचा अर्धा तास मिळवा. जमत नसेल तर वेळ वाढवून मागा, नाहीतर लोड सोडा. डिटेन्शनचे पैसे, म्हणजे २ तासांनंतर ताटकळत ठेवल्याचे, रेट कन्फर्मेशनवर, म्हणजे ब्रोकरच्या दराच्या करारपत्रावर लिहून घ्या. नंतर मागितलेले मिळत नाहीत. मी मागून पाहिले आहेत.

आणि हळू गेल्यानं खिशात काय पडतं तेही मोजा. धंद्यातला ढोबळ ठोकताळा असा की वेग ताशी १ मैलानं वाढला की गॅलनमागे ०.१ मैल कमी मिळतो. ६५ वर ६.५ मिळत असेल तर ५५ वर साधारण ७.५. त्या ५०० मैलांत १० गॅलन वाचले. कॅलिफोर्नियाचे डिझेलचे भाव बघता ही रक्कम हसण्यावारी नेण्याजोगी नाही. हद्दीआधी ॲरिझोनात टाकी भरून घेतली की राज्याचा कर वाचला, असं मात्र समजू नका. इंधनकर शेवटी कुठल्या राज्यात किती मैल चाललात यावर वाटला जातो; वाचतो तो फक्त मूळ भावातला फरक.

इंधनाचा विषय निघालाच आहे तर आता ट्रेलरकडे वळू, कारण ट्रेलरचा पहिला नियम इंधन वाचवण्याचाच आहे. रस्त्यावर ट्रेलरच्या खाली दोन्ही बाजूंना लांब फळ्या पाहिल्या असतील, त्यांना स्कर्ट म्हणतात. त्या नसल्या की हवा ट्रेलरच्या पोटाखाली घुसून चाकांवर, एक्सलवर आपटते आणि इंजिनाला तेवढं जास्त ओढावं लागतं. हवेचं प्रदूषण बघणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या सरकारी मंडळानं, ज्याला सगळे कार्ब म्हणतात, २००८ च्या डिसेंबरमध्ये नियम केला आणि २०१० पासून तो लागू होत गेला: ५३ फुटी किंवा लांब बंद पेटीचा ट्रेलर कॅलिफोर्नियाच्या महामार्गावर आणायचा तर त्याला मान्यताप्राप्त वायुगतिक साधन आणि कमी घर्षणाचे टायर हवेत. साध्या ड्राय व्हॅनला ५ टक्के इंधन वाचेल इतकं, रीफरला ४ टक्के. ट्रेलर कुठल्या राज्यात नोंदवलाय याला महत्त्व नाही. फ्लॅटबेड, टँकर, कंटेनरची चॅसी, जनावरांचे ट्रेलर यातून मोकळे. राज्यातल्या राज्यात थोडं चालणाऱ्यांना सवलती आहेत, त्या तुमच्या कामाच्या नाहीत.

यातली गंमत बघा. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी ७५ ला जेवढा, त्याच्या ५४ टक्केच ५५ ला. म्हणजे ज्या राज्यानं स्कर्ट लावायला भाग पाडलं तिथेच त्याचा फायदा सर्वांत कमी, आणि ज्या टेक्सासात त्याची सक्ती नाही तिथे तो पुरेपूर वसूल होतो. आमच्या एका ड्रायव्हरनं हे मला हिशोबासकट सुनावलं होतं. त्याचं बरोबर होतं. पण मग तुम्ही टेक्सासातून चालवत असाल तर स्कर्ट लावण्यात तुमचाच फायदा आहे, हेही त्यातून निघतंच.

केंद्रालाही असाच नियम देशभर करायचा होता. ट्रेलर बनवणाऱ्यांची संघटना कोर्टात गेली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये राजधानी वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानं केंद्रीय पर्यावरण संस्थेच्या नियमातला ट्रेलरचा भाग रद्द केला. कारण ऐकायला साधं: कायद्यात 'मोटार वाहन' म्हणजे स्वतःच्या बळावर चालणारं, आणि ट्रेलर काही स्वतः चालत नाही. हा निकाल आल्यावर कितीजणांनी "आता कॅलिफोर्नियाचाही नियम गेला" म्हणून स्कर्ट काढून ठेवले. तो गेला नव्हता. तो राज्याचा स्वतःचा, जुना, वेगळा नियम आहे.

स्कर्टची रोजची डोकेदुखी वेगळीच. उंचवट्यावरचं रेल्वे क्रॉसिंग, खोल उताराचा डॉक, बर्फाचा ढीग, यांत फळी वाकते किंवा तुटते. अर्धा लोंबणारा स्कर्ट म्हणजे स्कर्ट नाही. पहाटे ट्रकभोवती फेरी मारताना टायरांइतकंच लक्ष तिकडे द्यायला साडूंना सांगा. आणि ट्रेलर ज्यांच्याकडून घेतला त्यांच्याकडून त्या साधनाचा मान्यतेचा कागद मागून घ्या. साधनावरची पाटी घासली गेली की नंतर सिद्ध करणं अवघड जातं.

स्कर्टवर मी फार वेळ घालवत नाही. खरं घोडं पेंड खातं ते रीफरच्या इंजिनापाशी.

ट्रेलरच्या कपाळावर बसवलेलं शीतयंत्र, ज्याला कागदोपत्री टीआरयू म्हणतात, त्याला स्वतःचं छोटं डिझेल इंजिन असतं. ट्रक बंद असला तरी ते चालूच. गोदामाच्या अंगणात असे पन्नास-साठ ट्रेलर रात्रभर घुमत उभे असतात, आणि अंगणाच्या भिंतीपलीकडे बहुतेक वेळा गरिबांची वस्ती. डिझेलचा सूक्ष्म धूर विषारी असल्याचं कार्बनं १९९८ मध्ये ठरवलं. टीआरयूचा नियम २००४ मध्ये केला. फ्रेस्नोत राहून मला त्या नियमावर फार चिडता येत नाही. इथल्या शाळांत ध्वजस्तंभावर त्या दिवशीच्या हवेची प्रत दाखवणाऱ्या रंगाचा झेंडा लावतात आणि लाल दिसला की मुलांना मैदानावर सोडत नाहीत. माझा मुलगा त्यातूनच वाढला.

नियमाचा गाभा असा: टीआरयूच्या इंजिनाचं मॉडेल वर्ष घ्या, त्यात ७ मिळवा. त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत ते इंजिन सर्वांत कडक धूर-निकषात बसलं पाहिजे. बसत नसेल तर धुराचा मान्यताप्राप्त फिल्टर लावा, नवं इंजिन बसवा किंवा आख्खं यंत्र बदला. मुळातच त्या निकषाचं इंजिन असेल तर ७ वर्षांचा प्रश्न येत नाही. २०१८ च्या इंजिनाची मुदत २०२५ च्या अखेरीस संपते.

पण २०१८ चं इंजिन नवंच की, ते मुळातच स्वच्छ नसणार का? इथे एक चलाखी झाली होती. केंद्राचा कडक निकष २०१३ पासून २५ अश्वशक्ती आणि त्यावरच्या इंजिनांना लागला. सूक्ष्म धुराला अश्वशक्ती-तासाला ०.०२ ग्रॅमची मर्यादा. त्याखालच्या इंजिनांना मर्यादा कितीतरी सैल, ०.३०. झालं, ट्रेलरच्या शीतयंत्रांत २५ च्या जरासं खाली बसणारी इंजिनं येऊ लागली. कायदा पाळून धूर तेवढाच. कार्बनं २०२२ मध्ये ती फट बुजवली आणि २०२३ व पुढच्या मॉडेलच्या ट्रेलर-यंत्रांना अश्वशक्ती न बघता ०.०२ लावलं. पण २०१३ ते २०२२ च्या दरम्यान विकली गेलेली ती २५ खालची यंत्रं अजून बाजारात आहेत, आणि ७ वर्षं भरली की कॅलिफोर्नियातून बाद होतात. बाद झालेला ट्रेलर भंगारात जात नाही. तो स्वस्तात दुसऱ्या राज्यात विकला जातो. टेक्सासात तुम्हाला रीफर 'चांगल्या भावात' मिळाला म्हणालात, म्हणून हे इतकं सविस्तर लिहिते आहे.

माझीच एक फजिती सांगते. २०२४ च्या मार्चमध्ये आम्ही दह्याचा लोड घेऊन एका मोठ्या गोदामाला गाडी पाठवली. ट्रेलर २०१९ चा, नुकताच विकत घेतलेला. दारावरच्या माणसानं टीआरयूचा कार्ब क्रमांक संगणकात घातला आणि गाडी आत घेईना. शोध घेतला तेव्हा कळलं की ट्रेलर २०१९ चा खरा, पण अपघातानंतर त्यावर बसवलेलं यंत्र २०१४ चं, फिल्टरशिवाय. मी ट्रेलरच्या कागदावरचं वर्ष पाहून टिक केली होती. १२ वर्षांचा अनुभव! २०२३ च्या अखेरीपासून मोठ्या शीतगोदामांवरही जबाबदारी आली आहे: आत येणाऱ्या टीआरयूंची माहिती कार्बला द्या, नाहीतर नियमात बसणाऱ्यांनाच आत घ्या. दुसरा मार्ग निवडणारे तुम्हाला दारातूनच परत लावतात. पोलिसांपेक्षा हा दारवान जास्त कडक. दही दुसऱ्या ट्रेलरमध्ये भरून पोचवायला एक दिवस आणि त्या आठवड्याचा नफा गेला.

तेव्हा ट्रेलरचं वर्ष, यंत्राचं वर्ष आणि यंत्रातल्या इंजिनाचं वर्ष या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. इंजिनाच्या अंगावर धुराच्या प्रमाणपत्राची पाटी असते, झाकण उघडून तिचा फोटो काढा. मग कार्बच्या टीआरयू नोंदणीत, आर्बर नावाची प्रणाली आहे, नाव घाला, क्रमांक आणि लेबल घ्या. मुदत संपली की लेबल पुन्हा घ्यावं लागतं.

दुसऱ्याचा ट्रेलर ओढायचं काम, ज्याला पॉवर ओन्ली म्हणतात, ते घ्याल तेव्हा तर डोळे उघडेच ठेवा. ट्रेलर माझा नाही हे तपासनिसाला सांगून उपयोग नाही. ओढणाराही जबाबदार धरला जातो. लेबल, स्कर्ट, टायर यांचे फोटो, मगच किंगपिन, म्हणजे ट्रेलरची जोडखीळ, अडकवायचा. तिथेच आणखी एक बारीक गोष्ट: कॅलिफोर्नियात किंगपिनपासून मागच्या एक्सलपर्यंत ४० फुटांची मर्यादा आहे. ५३ फुटी ट्रेलरचे टँडम, म्हणजे मागच्या एक्सलची जोडी, पुढे सरकवावे लागतात, आणि सरकवले की एक्सलवरचं वजन बदलतं. हद्दीवर नाही, भरतानाच बघा. टँडमला ३४,००० पाउंड आणि एकूण ८०,००० ही मर्यादा तुम्हाला माहीत असेलच.

ट्रॅक्टरचं थोडक्यात. २०२३ पासून कॅलिफोर्नियात २०१० किंवा नंतरचंच इंजिन चालतं. शिवाय 'क्लीन ट्रक चेक' नावाची नोंदणी, शुल्क आणि नियमित धूर-तपासणी आहे. राज्याचा नियम बाहेरच्या ट्रकलाही धरतो, त्यावर केंद्राशी वाद आहे, म्हणून पहिल्या लोडआधी कार्बच्या संकेतस्थळावर त्या दिवशीची स्थिती बघा. ५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ इंजिन उभ्यानं चालू ठेवायचं नाही, इंजिनावर 'क्लीन आयडल' ची, म्हणजे उभ्यानंही कमी धूर सोडत असल्याची खूण असेल तर सोडून. आणि जून २०२५ पासून रस्त्यावरच्या तपासणीत इंग्रजीत बोलता आलं नाही तर ड्रायव्हरला जागीच थांबवतात. साडूंना प्रश्न-उत्तरांची थोडी सवय करून द्या. येत असतं, पण गणवेश समोर आला की जीभ अडखळते.

२०२५ मध्ये बरंच काही बदललं हेही खरं. जानेवारीत कार्बनं केंद्राकडच्या काही परवानग्यांचे अर्ज मागे घेतले, त्यात छोट्या ट्रकांवरची शीतयंत्रं धूरमुक्त करण्याची सक्ती होती. त्यावरून "कॅलिफोर्नियाचे सगळे नियम रद्द" अशी आवई ट्रकस्टॉपवर उठली. इंजिनाची ७ वर्षं, स्कर्ट आणि ५५ यांना तिचा धक्का लागलेला नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर घाई करू नका. नोव्हेंबर ते मार्च लेट्यूसचा हंगाम सलिनासमधून युमाला सरकतो. युमा ॲरिझोनात, नदीच्या अलीकडे. तिथून भरून आय-८ नं पूर्वेला निघालात तर कॅलिफोर्नियात चाकही टेकत नाही: ना ५५, ना कार्ब. एक हिवाळा तसा काढा, साडूंचा हात आणि तुमची नोंद दोन्ही बसू देत. तोवर यंत्राचं झाकण उघडून इंजिनाच्या पाटीचा फोटो काढून ठेवा. मॉडेल वर्ष २०२३ किंवा पुढचं आणि कार्बच्या ०.०२ निकषाचं असेल, किंवा २०१३ किंवा नंतरचं आणि अश्वशक्ती २५ किंवा वर असेल, तर स्कर्ट बघून एप्रिलमध्ये सलिनासचा लोड घ्यायला हरकत नाही. २५ च्या खाली आणि ७ वर्षं उलटलेली असतील तर फिल्टरला काही हजार डॉलर जातील. ते कॅलिफोर्नियाच्या किती फेऱ्यांत वसूल होतात हे आधी कागदावर मांडा. वर्षाला चार-पाचच फेऱ्या होणार असतील तर मी तरी तो खर्च करणार नाही.